खालचा फोन

वायरमन हसला नाही, तेव्हाच आठवणबाईंनी ओळखायला हवं होतं. एरवी हा गडी विजेचा झटका बसला तरी आधी हसायचा आणि मग हात चोळायचा. आज तो दिवाणखान्याच्या दारात उभा राहून नुसती मान खाजवत होता.

"बाई, जरा बाजूला येता?"

"आत्ता? पाहुणे फाटकाशी आलेत."

"म्हणूनच म्हणतो. कालचं पुसायचं राहिलं."

"कालचं काय?"

"तुमचं. म्हणजे मोठेसाहेबांचं."

आठवणबाईंच्या हातात फीत कापायच्या कात्रीचा ट्रे होता. तो त्यांनी शेजारच्या टेबलावर ठेवला.

हे घर माजी राष्ट्राध्यक्षांचं. जिवंत होते तेव्हा सगळे त्यांना मोठेसाहेब म्हणत आणि जाऊन इतकी वर्षं झाली तरी तेच म्हणतात, तेही आवाज जरा खाली आणून. आता त्या घराचं स्मारक झालंय. त्यांची खुर्ची जाड दोरीच्या पलीकडे, चष्मा काचेच्या पेटीत, आणि बाहेर पितळी पाटी: 'हे दार सर्वांसाठी सदैव उघडे असे.' यंदा जन्मशताब्दी. संचालकांनी कार्यक्रम काढला होता, 'मोठेसाहेब: लोकांच्या आठवणीतून'. कोट टांगायच्या जुन्या खोलीत काचेची एक छोटी केबिन बसवली. साध्यासुध्या माणसांनी तिथं मायक्रोफोनपुढे बसून आठवण सांगायची. मग दिवाणखान्यात ओळीनं लावलेल्या काळ्या, जुन्या धाटणीच्या फोनांपैकी कुठलाही उचलला, की त्यातली एखादी आठवण कानात वाजायची. कुठली, ते यंत्राच्या मर्जीवर. सगळ्यात शेवटचा फोन मुलांसाठी मुद्दाम खाली लावलेला.

माणसांना केबिनमध्ये बसवणं, पाणी देणं, धीर देणं आणि बोलतं करणं हे बाईंचं काम. म्हणून त्या आठवणबाई. कामावर असताना त्यांनी माणसांचा एक खासगी हिशेब मांडला होता. मोठेसाहेबांनी ज्यांच्याशी हात मिळवला, ते लोक हाताबद्दल बोलतात. ज्यांच्यावर ते खेकसले, ते लोक शिस्तीबद्दल बोलतात. आणि ज्यांच्या घरातलं कोणी त्यांच्या काळात नाहीसं झालं, ते लोक रस्त्यांबद्दल बोलतात, किती रुंद आणि सरळ बांधले म्हणून. रस्त्यांची आठवण आली की बाई न विचारताच पाण्याचा दुसरा पेला पुढे करत.

पहिल्या आठवड्यात यंत्र फारच तिखट कानाचं निघालं. केबिनचं दार उघडं असताना बाहेर बाकावर बसलेली एक बाई बहिणीला कुजबुजली, "मामांना कुठं नेलं होतं, ते विचारू का गं इथं?" बहीण म्हणाली, "तोंड मिट." दोन्ही वाक्यं कशी स्वच्छ उमटली होती. संचालकांनी ती ऐकली, दोन घोट पाणी प्याले आणि हुकूम सोडला, "हलके आवाज नकोत. गोंगाट येतो." वायरमननं केबिनमधली आवाजाची खिट्टी पिळली. तेव्हापासून यंत्र हलका आवाज कचरा समजून गाळायचं. छातीतून आलेला जड आवाज असेल तरच त्याच्यावरचा काटा हलणार.

आता पंचाईत अशी, की रोज सकाळी यंत्र तपासायला बोलायचं कोणी? वायरमनचा आवाज शिट्टीसारखा, बाईंचा त्याहून नाजूक. हॅलो हॅलो करून दोघांचे घसे बसले. एक दिवस वैतागून बाईंनी मोठेसाहेबांचा आवाज काढला. "नागरिकहो!" काटा ताडकन उडाला आणि वायरमन स्टुलावरून खाली. मग तो रिवाजच पडला. सकाळी मोठेसाहेब केबिनमधून काहीबाही बोलणार, वायरमन कानाला हेडफोन लावून डोळ्यांतून पाणी येईतो हसणार, आणि हसून झालं की पुसून टाकणार.

काल मात्र पुसायच्या आधीच संचालकांनी ओरडून त्याला तसबीर टांगायला बोलावलं. रात्रीतून यंत्रानं दिवसाच्या सगळ्या आठवणी फोनांमध्ये भरल्या. ही सुद्धा.

"काय बोलले होते मी काल?" बाईंनी विचारलं. खरं तर त्यांना शब्द न् शब्द आठवत होता.

"मोठेसाहेब म्हणाले, मला माझ्याच घरात तिकीट काढून यावं लागतं. म्हणाले, लेक माझ्या नावानं फिती कापत हिंडते, मी होतो तेव्हा माझ्या खोलीच्या बाजूला फिरकत नव्हती. आणि शेवटी ते आपल्या बायकोला, बाईसाहेबांना..."

"पुरे. फोन बंद कर."

"बटण कुठंय माहीत आहे ना?"

माहीत होतं. बटण भिंतीत होतं, भिंतीवर मोठेसाहेबांची पुरुषभर उंचीची तसबीर होती, आणि तसबिरीपुढे पाहुण्यांच्या खुर्च्या मांडल्या होत्या. मोठेसाहेबांना त्यांच्याच वाढदिवशी चारचौघांत खाली उतरवायला सांगेल, असा माणूस अजून त्या गावात जन्मला नव्हता.

"कुठल्या फोनवर लागेल?"

"कुठल्याही. नाही तर लागणारही नाही. आपण हातानं फोन नेमून दिला नाही, तर सगळं यंत्राच्या मनावर आहे."

स्मारकाच्या मागच्या अंगाला नोकरांसाठी दोन खोल्या होत्या, त्यातली एक बाईंची. तिथं त्या आणि त्यांचे वडील राहत. वडिलांना आता नीट दिसत नव्हतं. पण पलंगापासून मोरीपर्यंतची वाट त्यांच्या पायांना पाठ होती. नोकरी गेली की ती खोली जाणार, आणि या वयात त्यांना नवी भिंत चाचपायला लावायची. बाईंच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा ते आलं. दुसरं आलं ते त्याहून जुनं होतं. लहानपणी रेडिओवर मोठेसाहेब बोलायला लागले की वडील घरातला आवाज हातानं दाबत, म्हणजे तळवा खाली करून सगळ्यांना गप्प करत. एकदा भावाला हसवायला पांघरुणात तोंड घालून बाईंनी तो आवाज काढला होता, "नागरिकहो!" वडिलांनी पांघरूण ओढलं आणि फाडकन मुस्कटात दिली. आयुष्यात तेवढी एकच. मारल्यावर तेच रडायला लागले. "पोरी, हा आवाज गंमत नाही," एवढंच म्हणाले होते.

पाहुणे आत आले. सगळ्यांत पुढे ताईसाहेब, मोठेसाहेबांची लेक आणि स्मारकाच्या अध्यक्षा. चालणं बापाचं, हनुवटी बापाची. मागे संचालक. या गृहस्थांची हसायची तीन मापं होती. हाताखालच्यांसाठी नुसते ओठ, बरोबरीच्यांसाठी दात आणि ताईसाहेबांसाठी हिरड्या. आज सकाळपासून हिरड्याच. सगळ्यांच्या शेवटी काठी टेकत बाईसाहेब, मोठेसाहेबांच्या पत्नी. त्या दरवर्षी येत, एका खुर्चीत बसत, विचारलं तर "छान" म्हणत आणि जात. स्मारकात त्यांची आठवण कोणी नोंदवलेली नव्हती. कोणाला सुचलंच नव्हतं.

फीत कापली गेली. टाळ्या झाल्या. ताईसाहेबांनी पहिला फोन उचलला.

आठवणबाईंनी श्वास घेतला आणि सोडायचं विसरल्या. ताईसाहेबांच्या भुवया वर गेल्या, मग खाली आल्या.

"एक परिचारिका बोलतेय. पपांनी तिचा हात हातात घेतला होता म्हणे."

"वा!" संचालक म्हणाले.

हाताची आठवण. बाईंनी श्वास सोडला. ताईसाहेब दुसऱ्या फोनकडे वळल्या.

"त्यात जरा खरखर आहे, ताईसाहेब," बाई पुढे होऊन म्हणाल्या.

"खरखर? आज?" संचालकांच्या हिरड्या झाकल्या गेल्या. "वायरमन!"

"नाही, म्हणजे होती. गेली असेल," वायरमन शिट्टीच्या आवाजात म्हणाला.

ताईसाहेबांनी फोन उचलला. रस्ते. तिसऱ्यात शिस्त. मग इतर पाहुण्यांनाही चेव आला आणि सगळ्या ओळीवर हात पडले. कोणी माना डोलवतंय, कोणी डोळे टिपतंय. बाईंचं लक्ष एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर असं पळत होतं, जणू स्वयंपाकघरात सगळी भांडी एकदम उतू जायला लागावीत आणि हात दोनच असावेत. एका जाड्या पाहुण्यानं रिसीव्हर कानापासून झटकन दूर केला, तेव्हा बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. पण त्याच्या कानाला नुसतं गार लागलं होतं.

"बाई, झालंच आता," वायरमन मागून पुटपुटला. "चहाला जातील."

तेवढ्यात बाईसाहेब खुर्चीतून उठल्या. काठी टेकत भिंतीशी गेल्या. वरचे फोन अडलेले होते. खालचा, मुलांचा फोन मोकळा होता. शेजारी मुलांसाठी ठेवलेल्या बुटक्या स्टुलावर त्या बसल्या आणि त्यांनी रिसीव्हर कानाला लावला.

आधी काहीच झालं नाही. मग त्यांची पाठ ताठ झाली. काठी मांडीवरून घसरून खाली पडली, ती उचलायलाही त्या वाकल्या नाहीत.

आठवणबाईंना कळलं. कळायला आवाज ऐकू यायची गरज नव्हती. त्यांना तो आतूनच ऐकू येत होता. आता तिकीट. आता लेक आणि फिती. आणि आता ते शेवटचं, जे काल त्यांनी उगीचच, हसता हसता बोलून टाकलं होतं, कारण साध्या घरातला कुठलाही नवरा म्हातारपणी एवढं तरी म्हणतो असं त्यांना वाटलं होतं: "आणि बाईसाहेब, तुमचं ऐकायचं राहूनच गेलं. माफ करा."

"आई, काय म्हणतायत?" ताईसाहेबांनी लांबूनच विचारलं.

बाईसाहेबांनी रिसीव्हर जागेवर ठेवला. "तुझ्या वडिलांची स्तुती. दुसरं काय?" मग सावकाश सगळ्या चेहऱ्यांवरून नजर फिरवत त्या म्हणाल्या, "आठवणी गोळा करणारी कोण?"

संचालकांनी आठवणबाईंना कोपरानं पुढे ढकललं.

"ही मला घर दाखवेल. अभ्यासिका. तुम्ही चहा घ्या."

"आई, तुला आपलंच घर दाखवायला माणूस कशाला हवं?"

"स्मारक झाल्यापासून मला चुकायला होतं," बाईसाहेब म्हणाल्या.

अभ्यासिकेपर्यंतचा बोळ बाई रोज तरातरा चालत. आज पायांना तो लांबलचक लागला. काठीचा आवाज मागून येत होता, टक, टक, आणि दर टकेला बाई मनात एक वाक्य रचून मोडत होत्या. चूक झाली. यंत्राची चूक झाली. माझे वडील आंधळे आहेत. हे शेवटचं तर त्या मेल्या तरी बोलणार नव्हत्या.

दार लागलं. बाईसाहेबांनी दोरीचा आकडा काढला, जणू काही परसातलं फाटक उघडावं.

"बस."

"कुठं?"

"खुर्चीत."

त्या खुर्चीवर धूळ झटकायलासुद्धा फक्त संचालक जात. "बाईसाहेब, माझ्या हातून फार मोठी..."

"बस म्हणते ना."

बाई टेकल्या. चामडं करकरलं. समोरच्या साध्या खुर्चीवर बाईसाहेब बसल्या.

"मला आधी वाटलं, तेच. अंगावर काटा आला. मग ते 'माफ करा' म्हणाले... म्हणालीस, आणि मला कळलं की हे ते नव्हेत. हा शब्द त्यांच्या तोंडात कधी मावला नाही." त्या किंचित हसल्या. "केबिनमध्ये रोज असते ती तूच. काढ तो आवाज."

"मला नाही जमायचं."

"काल जमला. आज मी विचारतेय."

बाईंनी तोंड उघडलं. पहिल्यांदा नुसती हवा आली. मग छातीच्या तळातून, जिथं वडिलांची चपराक अजून बसलेली होती तिथून, तो आला.

"बोला."

एकच शब्द. बाईसाहेबांचे हात आपोआप मांडीवर जुळले, गुडघे जवळ आले आणि त्या खुर्चीच्या पार कडेला सरकल्या, पुढे पडतील इतक्या. डोळे जमिनीवर. आठवणबाई बघतच राहिल्या. इतका वेळ त्यांना वाटत होतं, या खोलीत घाबरलेलं माणूस एकच आहे.

"हं," बाईसाहेब जमिनीकडे बघूनच म्हणाल्या. "आता गप्प बसायचं. मध्ये बोलायचं नाही. तेवढंच हवंय मला."

आठवणबाई खुर्चीत मागे टेकल्या.

"माझी बहीण आली होती. तिच्या नवऱ्याला तुमच्या लोकांनी नेलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी. पाटी लावलीय ना बाहेर, सदैव उघडं दार, त्या दारात. मी वर जिन्यात उभी होते. तुम्ही आतून म्हणालात, 'कोण आहे?' शिपाई म्हणाला, 'बाईसाहेबांच्या भगिनी.' तुम्ही म्हणालात, 'घरी कोणी नाही.' मी जिन्यात उभी होते हो. तिला दिसत होते मी. तिनं वर बघितलं आणि मी..." त्यांनी हात वर केला, तळवा खाली. आवाज दाबावा तसा. "मी तिला गप्प राहा म्हणून खूण केली. ती परत गेली. पुन्हा आली नाही. हे तुम्हाला सांगायचं होतं. तुम्ही कधी विचारलं नाहीत."

आठवणबाईंना तो तळवा ओळखीचा वाटला.

दार धाडकन उघडलं. ताईसाहेब, मागे संचालक. दोरी सुटलेली, आणि मोठेसाहेबांच्या खुर्चीत पगारी बाई.

"हे काय चाललंय?"

बापाचाच आवाज, जरा बारीक पट्टीतला. खोलीतल्या दोघीही एकदम ताठ झाल्या. संचालकांच्या चेहऱ्यावर हसण्याचं कुठलंच माप उरलं नव्हतं.

"ऊठ तिथून! तुला आजपासून..." ताईसाहेब कडाडल्या.

"मी बसवलंय," बाईसाहेब म्हणाल्या. आवाज कापत होता. "आठवण सांगत होते. आज तोच कार्यक्रम आहे ना? सगळ्या गावाला विचारलंत, मला कोणी विचारलं नाही."

ताईसाहेब गोंधळल्या. बाहेर छायाचित्रकार उभा होता, हे त्यांना बरोबर आठवलं. "अगं, मग केबिनमध्ये सांग. नीट नोंदवून घेऊ. छान होईल. पपांबद्दल आई बोलतेय म्हटल्यावर..." आणि बाईंकडे न बघता, "खुर्चीचं आपण नंतर बघू."

नंतर. बाईंनी तो शब्द गिळला. त्या खुर्चीतून उठल्या.

केबिनमध्ये बाईसाहेब मायक्रोफोनपुढे बसल्या, आठवणबाई त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या. काचेपलीकडे ताईसाहेब, संचालक, छायाचित्रकार. सगळे हसरे. शेजारच्या फळीमागे वायरमन कानाला हेडफोन लावून. काचेतून आत दिसतं, पण ऐकू येत नाही. ते फक्त वायरमनला आणि यंत्राला.

बाईसाहेब बोलू लागल्या. "माझी बहीण आली होती..."

काटा हलला नाही.

"बाई," वायरमन फळीआडून पुटपुटला, "काही येत नाही. फार हलका आवाज आहे."

बाईसाहेबांनी थांबून आठवणबाईंकडे बघितलं. त्यांना सगळं समजलं होतं असं नाही. पण आपला आवाज कुठंतरी पोचत नाहीये, ही गोष्ट समजायला त्यांना यंत्राची माहिती लागत नव्हती. त्या मुकाट उठू लागल्या. सवयीनंच.

खिट्टी आठवणबाईंच्या हाताशी होती. संचालकांनी पिळायला लावलेली तीच. काचेपलीकडून ताईसाहेब बघत होत्या, भुवया वर, काय अडलं म्हणून. बाईंनी त्यांच्याकडे बघून संचालकांकडून शिकलेलं सगळ्यात मोठ्या मापाचं हसू हसून दाखवलं, आणि ते तसंच चेहऱ्यावर ठेवून खिट्टी पार उलट्या टोकाला नेली.

"बसा," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून. आणि काचेकडे बघून हसत राहा."

बाईसाहेब बसल्या. इतकी वर्षं समारंभांत हसल्यामुळे हसणं त्यांना जड गेलं नाही. हसत हसतच त्यांनी दार सांगितलं, शिपाई सांगितला, जिना सांगितला आणि वर उचललेला तळवा सांगितला. काटा प्रत्येक शब्दाला उठून बसत होता. काचेपलीकडे छायाचित्रकाराचा दिवा लखलखला. ताईसाहेबांनी रुमालानं डोळ्यांचे कोपरे टिपले.

मग बाईसाहेब उठल्या, काठी घेतली, आणि जाता जाता आठवणबाईंच्या खांद्यावर हात ठेवून गेल्या. तो हात गार होता. काहीच कबूल करत नव्हता. उद्या खुर्चीचा प्रश्न निघाला तर या मध्ये पडतील की नुसतं "छान" म्हणून बसतील, हे बाईंना सांगता आलं नसतं; आणि त्या माणसांच्या बाबतीत सहसा चुकत नसत.

दिवाणखाना रिकामा झाला. वायरमन फळीमागून बाहेर आला. त्याचा रंग उडाला होता.

"बाई, हे फोनवर गेलं तर आपल्याला हाकलतील आणि हाकलूनच थांबतील असंही नाही. मला पोरंबाळं आहेत. पुसतो मी." त्याचं बोट यंत्राच्या पुसायच्या बटणावर गेलं. "पुसू ना?"

बाईंना मागची खोली दिसली, वडिलांचा भिंत चाचपणारा हात दिसला. नको म्हणायला तोंड उघडलं, आणि त्यातून काहीच निघेना. घाबरून त्यांचा स्वतःचा आवाज पार आत जाऊन बसला होता, हाका मारूनही बाहेर यायला तयार नव्हता. जो आला तो दुसराच होता.

"ठेव," छातीच्या तळातून मोठेसाहेब म्हणाले. "खालच्या फोनवर."

वायरमनचं बोट झटकन मागे आलं. तो हसला नाही. पाय जुळवून तो ताठ उभा राहिला होता, आणि आठवणबाईंना त्याच्याकडे बघवेना.